लाटदार भिंतींच्या चॅनलमध्ये भोवरे तर दिसतात, मग हीट ट्रान्सफर का वाढत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे: दोन्ही भिंती साइन वेव्हच्या आकाराच्या, समोरासमोर आरशातल्यासारख्या, म्हणजे चॅनल एकदा अरुंद होतो एकदा रुंद होतो. त्यातून पाणी सोडलंय, सिम्युलेशन स्टेडी आहे (वेळेनुसार काहीच बदलत नाही असं धरलेलं), मधल्या रेषेवर सिमेट्री लावून अर्धाच चॅनल घेतलाय, एकाच लाटेचा तुकडा आणि दोन्ही टोकांना पिरियॉडिक कंडिशन, म्हणजे एका टोकातून बाहेर पडलेला प्रवाह दुसऱ्या टोकातून तसाच आत येतो. प्रत्येक खळग्यात छान भोवरा दिसतो. पण नसेल्ट नंबर (भिंतीतून प्रवाहात उष्णता किती चांगली जाते त्याचं माप) सपाट चॅनलपेक्षा किंचितच जास्त येतो आणि प्रेशर ड्रॉप मात्र जवळपास दुप्पट. मॉडेल चुकलंय का?

मॉडेल गंडलेलं नाही, तुम्हाला आलेलं उत्तर त्या सेटअपसाठी बरोबरच आहे. वांग आणि वांका यांनी १९९५ मध्ये आवर्ती लाटदार मार्गांवर जे गणन केलं त्यात हेच निघालं होतं, प्रवाह स्टेडी असेपर्यंत नसेल्ट सपाट चॅनलपेक्षा जेमतेम जास्त, फ्रिक्शन फॅक्टर (घर्षणाने होणाऱ्या प्रेशर ड्रॉपचं माप) साधारण दुप्पट, आणि रेनॉल्ड्स नंबर (पाण्याचं जडत्व चिकटपणाच्या तुलनेत किती मोठं ते सांगणारा आकडा) १८० च्या आसपास गेल्यावर प्रवाह आपणहून हेलकावे घ्यायला लागला तेव्हा कुठे हीट ट्रान्सफर अडीच पटींवर गेलं. म्हणजे भोवरा असणं आणि भोवऱ्याने काम करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या विषयात नव्याने येणारा जवळजवळ प्रत्येकजण इथेच अडकतो, कारण प्रवाहरेषांचं चित्र इतकं देखणं असतं की त्यात मिक्सिंग होत असणारच असं वाटतं. नाही होत. स्टेडी भोवरा ही बंद खोली आहे, आत सगळं गोल फिरतंय पण दार उघडत नाही.

आता हे असं का ते जरा सविस्तर सांगतो, कारण कारण कळलं की पुढे काय बदलायचं ते आपोआप कळतं.

चॅनल रुंद व्हायला लागला की सरासरी वेग कमी होतो आणि दाब वाढतो. मधल्या प्रवाहाकडे गती भरपूर असते, तो वाढत्या दाबाविरुद्ध पुढे जातो. पण भिंतीला चिकटून जे पाणी चाललंय त्याच्याकडे मुळात वेगच नाही, घर्षणाने तो खाल्लेला असतो, त्यामुळे ते थांबतं आणि मग उलटं वळतं. भिंतीवरचा शिअर स्ट्रेस, म्हणजे पाण्याच्या घासण्याचा ताण, जिथे शून्य होतो ती सेपरेशनची जागा. तिथून एक प्रवाहरेषा भिंत सोडून निघते, खळग्यावरून पुलासारखी जाते आणि पुढच्या उंचवट्याच्या चढावर परत भिंतीला टेकते. या रेषेच्या खाली जे अडकलं तो भोवरा. रेनॉल्ड्स कमी असताना तो छोटासा असतो, खळग्याच्या तळाजवळ उताराच्या बाजूला. वाढवत गेलात की सेपरेशनची जागा मागच्या माथ्याकडे सरकते, टेकण्याची जागा पुढच्या माथ्याकडे, आणि भोवऱ्याचा डोळा प्रवाहाच्या दिशेने पुढे सरकतो. शेवटी सगळा खळगा भोवऱ्याने भरून जातो आणि मुख्य प्रवाह मधून जवळजवळ सरळ निघून जातो, भिंतीला लाटा आहेत हे त्याच्या गावीही नसतं.

इथे एक गोष्ट नमूद करतो. भोवऱ्यासाठी इनर्शिया, म्हणजे पाण्याचं जडत्व, लागतोच असं नाही. मोफॅट यांनी १९६४ मध्ये दाखवलं की दोन सपाट भिंतींमधला कोन साधारण १४६ अंशांपेक्षा कमी असेल तर अगदी मधासारख्या संथ, रेनॉल्ड्स शून्याच्या प्रवाहातही कोपऱ्यात भोवऱ्यांची मालिका तयार होते, एकाच्या आत दुसरा, प्रत्येक पुढचा आधीच्यापेक्षा शेकडो पटींनी दुबळा. लाटदार चॅनलमध्ये खळगे पुरेसे खोल असतील तर तसंच होतं, फक्त अशा वेळी चित्र खळग्याच्या दोन्ही बाजूंना सारखं असतं, कारण स्टोक्स प्रवाह (असा जडत्वाशिवायचा संथ प्रवाह) उलटा फिरवला तरी त्याच्या रेषा तशाच राहतात. तुमच्या चित्रात डोळा पुढे सरकलेला असेल तर इनर्शिया काम करतोय, मधोमध असेल तर आकारामुळे आलेला भोवरा आहे. एका नजरेत ओळखता येतं.

आता बंद खोलीचा हिशोब आकड्यात करून बघू, कारण आकड्याशिवाय हे पटत नाही. समजा सरासरी गॅप (दोन भिंतींमधलं अंतर) ५ मिलिमीटर, पाण्याचा सरासरी वेग सेकंदाला ५ सेंटिमीटर, म्हणजे सरासरी गॅपवर रेनॉल्ड्स २५०. खळग्यातल्या भोवऱ्याच्या डोळ्यापासून कडेपर्यंत १ मिलिमीटर धरा. भोवऱ्यातला वेग मुख्य प्रवाहाच्या दहाव्या हिश्श्याइतका असला तरी एक फेरी एक-दोन सेकंदात पूर्ण होते. पण पाण्यात विरघळलेल्या एखाद्या पदार्थाचा डिफ्युजन गुणांक असतो साधारण १०⁻⁹ चौरस मीटर प्रति सेकंद, म्हणजे १ मिलिमीटर ओलांडायला १००० सेकंदांच्या घरातला वेळ, जवळपास पंधरा-सतरा मिनिटं. तेवढ्यात भोवरा शेकडो फेऱ्या मारून मोकळा. फिरण्याने पदार्थ प्रवाहरेषेच्या लांबीवर पसरतो हे खरं, पण एका रेषेवरून शेजारच्या रेषेवर जायचं तर डिफ्युजनशिवाय वाटच नाही, स्टेडी द्विमितीय प्रवाहात कण आपली रेषा सोडतच नाही. उष्णतेचं थोडं बरं आहे, पाण्यात तोच १ मिलिमीटर ती सात-आठ सेकंदात पार करते, पण तरी भिंतीकडून भोवऱ्यात आणि भोवऱ्याकडून मुख्य प्रवाहात असे दोन अडथळे एकामागून एक लागतात, सपाट चॅनलमध्ये एकच होता.

म्हणूनच तुमच्या भिंतीवरचा लोकल नसेल्ट प्लॉट केलात तर पुढच्या उंचवट्याच्या चढावर, जिथे मुख्य प्रवाह येऊन टेकतो, तिथे एक टोकदार शिखर दिसेल आणि खळग्याच्या तळाशी तो सपाट चॅनलच्याही खाली गेलेला असेल. सरासरी काढली की एकाने कमावलेलं दुसरा घालवतो. हा प्लॉट जरूर काढा, सरासरी नसेल्टच्या एका आकड्यापेक्षा तो कितीतरी जास्त बोलतो.

प्रेशर ड्रॉपचं मात्र वेगळं आहे, तो भोवरा नसतानाही वाढतो. समांतर भिंतींमध्ये त्याच प्रवाहासाठी लागणारा दाब गॅपच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतो, त्यामुळे अरुंद जागी जे नुकसान होतं ते रुंद जागी भरून निघत नाही. लांब आणि हळूवार लाटांसाठी, संथ प्रवाहात, याचं साधं सूत्र निघतं: गॅप सरासरीच्या ४० टक्के वर-खाली होत असेल तर दाब सपाट चॅनलच्या सुमारे १.६७ पट, ५० टक्के असेल तर २.३ पट. म्हणजे तुमच्या दुपटीतला बराचसा भाग नुसत्या अरुंद गळ्यांचा असू शकतो, त्याचं खापर भोवऱ्यावर फोडू नका. आधी हा आकडा काढा, मग उरलेला भोवऱ्याच्या खात्यावर टाका.

बरं, मग दार उघडतं कधी? दोन मार्ग आहेत, एक म्हणजे प्रवाह आपणहून अस्थिर होणं, दुसरा म्हणजे आपण तो हलवणं.

आपणहून अस्थिर होण्याचं मूळ त्या पुलासारख्या रेषेत आहे. तिच्या वर वेगवान प्रवाह, खाली उलटा फिरणारा संथ भोवरा, मध्ये पातळ शिअर लेयर, म्हणजे वेग झपाट्याने बदलणारा थर. वेगाच्या प्रोफाइलमध्ये असं वळण आलं, म्हणजे त्या आलेखाच्या वक्रतेची दिशा बदलली, की छोटा धक्काही वाढत जातो. सपाट चॅनलमध्ये असं वळण नसतं, म्हणून तिथे लिनियर थिअरीने (अगदी छोटे धक्के धरून) अस्थिरता यायला अर्धा गॅप आणि मधला कमाल वेग धरून रेनॉल्ड्स ५७७२ लागतो, हा ओर्झॅग यांचा १९७१ चा प्रसिद्ध आकडा (प्रत्यक्षात सपाट चॅनल त्याच्या बरंच आधी बिघडतो पण त्याला मोठा धक्का लागतो). लाटदार चॅनलमध्ये तेच काम दोन-तीनशेच्या घरात होतं, लाटा खोल असतील तर त्याच्याही आधी. गुझमन आणि ॲमॉन यांनी नव्वदच्या दशकात अरुंद-रुंद होणाऱ्या चॅनलवर याचा पाठपुरावा केला, आधी स्टेडी, मग एका फ्रिक्वेन्सीचे नियमित हेलकावे, मग दोन फ्रिक्वेन्सी एकत्र आणि मग केऑस. पहिल्या हेलकाव्यापासूनच बंद रेषा फुटते, भोवरा दर फेरीला थोडं पाणी मुख्य प्रवाहात टाकतो आणि थोडं आत ओढतो, आणि नसेल्ट चढायला लागतो.

रेनॉल्ड्सचे आकडे एकमेकांशी ताडून बघताना फार सांभाळा बरं का, कारण इथे प्रत्येकजण आपापली व्याख्या वापरतो. एकाच प्रवाहाला सरासरी वेग आणि सरासरी गॅपवर २०० म्हणतील, हायड्रॉलिक डायमीटरवर (इथे गॅपच्या दुप्पट) ४०० म्हणतील आणि अर्धा गॅप व कमाल वेगावर १५० म्हणतील, तिघंही बरोबर. काहीजण सर्वात अरुंद जागेचा गॅप धरतात, त्याचा आणखी वेगळा आकडा. एका पेपरात १८० ला अस्थिर आणि दुसऱ्यात ३५० ला, असं वाचून गोंधळायच्या आधी दोघांनी लांबी कुठली घेतली ते बघा, आणि लाटेची उंची व लांबी सारखी आहे का तेही.

आता तुमच्या सेटअपकडे येऊ. त्यात तीन कुलपं आहेत आणि तिन्ही तुम्हीच लावली आहेत. स्टेडी सॉल्व्हर वेळेतला बदल दाखवूच शकत नाही, तो एकतर अडखळत राहील, रेसिड्युअल (समीकरणांत उरलेली चूक) एका पातळीवर तरंगत राहतील, नाहीतर अंडर-रिलॅक्सेशनच्या (दर पायरीला उत्तर थोडंथोडंच बदलू देण्याच्या) जोरावर असा स्टेडी प्रवाह शोधून देईल जो प्रत्यक्षात टिकूच शकत नाही. मधल्या रेषेवर सिमेट्री लावली म्हणजे मुख्य प्रवाहाला वर-खाली नागमोडी हलायला बंदी घातली, आणि अशा चॅनलमध्ये बऱ्याचदा तीच हालचाल सगळ्यात आधी सुरू होते, वरचा भोवरा फुगतो तेव्हा खालचा आकसतो, मग उलट. तिसरं म्हणजे एकाच लाटेचा पिरियॉडिक तुकडा, त्यात फक्त त्या लांबीत बसणारे धक्केच वाढू शकतात, दोन किंवा तीन लाटांवर पसरलेली हालचाल तिथे जन्मालाच येत नाही.

तेव्हा पूर्ण चॅनल घ्या, निदान चार लाटा घ्या, ट्रान्झिएंट, म्हणजे वेळेनुसार बदलणारं गणन, चालवा. आणि अॅडव्हेक्शनसाठी (प्रवाहाने वाहून नेण्याच्या भागासाठी) फर्स्ट ऑर्डर अपविंड, म्हणजे प्रवाह ज्या सेलकडून येतो तिथलीच किंमत घेणारी साधी स्कीम, चुकूनही ठेवू नका. याचा हिशोब बघा: अपविंडने येणारी खोटी व्हिस्कॉसिटी ढोबळमानाने वेग गुणिले सेलची लांबी भागिले दोन. वेग सेकंदाला ५ सेंटिमीटर, सेल ०.१ मिलिमीटर, म्हणजे २.५ × १०⁻⁶ चौरस मीटर प्रति सेकंद. पाण्याची खरी किनेमॅटिक व्हिस्कॉसिटी १०⁻⁶. म्हणजे तुम्ही म्हणताय मी रेनॉल्ड्स २५० चालवतोय आणि जिथे प्रवाह मेशला तिरका जातो, म्हणजे नेमका शिअर लेयरच्या आसपास, तिथे सॉल्व्हर चालवतोय सत्तरच्या घरात. मेश चांगला बारीक दिसतोय म्हणून कुणी शंकाही घेत नाही. निदान सेकंड ऑर्डर स्कीम घ्या, आणि सेल भिंतीजवळ बारीक करताना सेपरेशनपासून निघणाऱ्या शिअर लेयरवरही बारीक करा, तो भिंतीपासून लांब असतो त्यामुळे नेहमीच्या बाउंडरी लेयर मेशमध्ये बरोबर तिथेच सेल मोठे झालेले असतात.

अस्थिरता आली की नाही हे बघायला डोळ्यांवर विसंबू नका, मधल्या रेषेवर एक बिंदू घ्या, सर्वात रुंद जागी, आणि तिथला आडवा वेग, म्हणजे भिंतीकडून भिंतीकडे जाणारा, वेळेनुसार साठवत राहा. पूर्ण सिमेट्रिक प्रवाहात तो शून्य असायला हवा. तो लॉग स्केलवर प्लॉट करा. सुरुवातीला १०⁻¹⁰, १०⁻¹² अशा कचऱ्यात तो वळवळत असेल, मग प्रवाह अस्थिर असेल तर त्या कचऱ्यातून एक सरळ चढती रेषा वर निघते, तिच्यावर बारीक दाते दिसतात ती हेलकाव्याची फ्रिक्वेन्सी, आणि बऱ्याच वेळाने ती वाकून एका पातळीवर स्थिर होते. रेषा चढत असताना प्रवाहरेषांचं चित्र काढलंत तर काहीही वेगळं दिसणार नाही, अगदी स्टेडी वाटेल, आणि लोक नेमकं तिथेच रन थांबवतात. उंबरठ्याच्या, म्हणजे प्रवाह अस्थिर व्हायला लागतो त्या रेनॉल्ड्सच्या, जवळ वाढीचा दर खूप कमी असतो, उंबरठ्यापासून जेवढं अंतर तेवढ्याच प्रमाणात, त्यामुळे १० टक्के वर असाल तर ५० टक्के वर असण्याच्या पाचपट थांबावं लागेल. घाई असेल तर सुरुवातीलाच छोटा असिमेट्रिक धक्का द्या, शेवटची पातळी तीच येईल, वेळ वाचेल (निदान उंबरठा सौम्य प्रकारचा, म्हणजे हेलकावे शून्यापासून हळूहळू मोठे होणारा, असेल तर, म्हणून एकदा धक्क्याशिवायही तपासून घ्या).

प्रत्यक्ष चॅनलवर प्रयोग करणार असाल तर आणखी एक फरक दिसेल. पिरियॉडिक सिम्युलेशनमध्ये अस्थिरता सगळीकडे एकदम येते, खऱ्या चॅनलमध्ये धक्का प्रवाहाबरोबर वाहत जातो आणि वाहता वाहता वाढतो. म्हणून पहिल्या काही लाटांमध्ये प्रवाह स्टेडी, पुढच्या लाटांमध्ये हलायला लागलेला, असं एकाच वेळी दिसतं, आणि रेनॉल्ड्स वाढवला की ही सुरुवातीची जागा एन्ट्रीकडे सरकते. रश, नेवेल आणि जेकोबी यांनी १९९९ मध्ये साइन आकाराच्या मार्गांवर हे नोंदवलंय. याचा सरळ अर्थ असा की दोन-तीनच लाटांचा आखूड चॅनल बनवून भोवऱ्याचा फायदा शोधायला गेलात तर तो मिळणार नाही, प्रवाहाला बिघडायला लांबी द्यावी लागते. आणि डाय (रंग) सोडून बघणार असाल तर हेही लक्षात ठेवा की प्रवाह हलायला लागल्यावर डायची रेघ म्हणजे प्रवाहरेषा नव्हे, ती त्या जागेवरून आधी गेलेल्या सगळ्या कणांचा इतिहास असतो. डायची गुंडाळी दिसली म्हणजे तिथे त्या क्षणी भोवरा आहेच असं नाही, तो मागे कुठेतरी गुंडाळून पुढे वाहत आलेला असू शकतो.

द्विमितीय सिम्युलेशनवर किती विश्वास ठेवायचा? पहिला उंबरठा शोधायला साधारण चालतं, त्याच्या फार वर गेल्यावर नाही. खळग्यातल्या वक्र रेषांमुळे सेंट्रिफ्यूगल अस्थिरता येते, प्रवाहाच्या दिशेने लांबट भोवरे तयार होतात, गर्टलर प्रकारचे, आणि ते द्विमितीय गणनात येऊच शकत नाहीत. दोन्ही भिंती एकाच दिशेने वळणाऱ्या नागमोडी चॅनलमध्ये तर हा परिणाम आणखी लवकर जाणवतो, तिथे प्रवाहच सारखा वळत असतो.

आता दुसरा मार्ग, प्रवाह आपणच हलवायचा. माझ्या मते रेनॉल्ड्स कमी ठेवणं भाग असेल, म्हणजे द्रव नाजूक असेल, पंप छोटा असेल, तर हाच मार्ग धरावा. १९८० मध्ये सोबी यांनी खळगेदार चॅनलमधल्या पुढे-मागे होणाऱ्या प्रवाहाचं गणन केलं आणि स्टेफनॉफ, सोबी व बेलहाउस यांनी त्याचे प्रयोग केले, यामागची गरज होती रक्ताला ऑक्सिजन देणाऱ्या मेम्ब्रेन यंत्रांची, जिथे रक्त जोरात ढकलता येत नाही आणि तरी भिंतीजवळचं रक्त सतत बदलत राहायला हवं.

त्यातली एक फेरी सावकाश बघण्यासारखी आहे. वेग वाढायला लागतो तेव्हा प्रवाह भिंतीला धरून खळग्यात उतरतो आणि चढतो, भोवरा नसतो. वेग पुरेसा झाला की माथ्याच्या मागे उतारावर एक चपटा भोवरा उगवतो आणि कमाल वेगापर्यंत खळगा भरतो. इथवर स्टेडीसारखंच. गंमत पुढे आहे: पंप मंदावतो, मुख्य प्रवाह ढिला पडतो, पण भोवऱ्याकडे त्याची स्वतःची फिरण्याची गती शिल्लक असते, तो थांबत नाही, उलट फुगतो, खळग्याबाहेर येतो आणि मधला प्रवाह अगदी चिंचोळा करून टाकतो. मग प्रवाहाची दिशा उलटते, आणि आता उलटा येणारा प्रवाह भोवऱ्याच्या वरून न जाता भोवरा आणि भिंत यांच्या मधून घुसतो, भोवऱ्याला भिंतीपासून सोडवून चॅनलच्या मध्यात ढकलतो. भिंत धुतली जाते, खळग्यातलं सगळं पाणी एका फटक्यात बाहेर. पुढच्या अर्ध्या फेरीत हेच दुसऱ्या बाजूने. इथे डिफ्युजनला मिलिमीटर ओलांडायचे नसतात, पातळ थरांमधलं अंतर तेवढं ओलांडायचं असतं.

हे साधायचं तर फ्रिक्वेन्सी नीट निवडावी लागते. स्ट्राउहल नंबर, म्हणजे फ्रिक्वेन्सी गुणिले गॅप भागिले कमाल वेग, फार मोठा असेल तर पाणी इतकं थोडं पुढे-मागे होतं की भोवरा उगवायच्या आत दिशा बदलते. फार छोटा असेल तर सगळं इतकं सावकाश होतं की प्रवाह दर क्षणी स्टेडीसारखाच वागतो आणि वेग कमी होताना भोवराही निमूट आकसतो, फुगत नाही. मधला पट्टा हवा, आणि सुरुवात करायला ०.०१ च्या आसपासची किंमत चांगली. वरच्याच चॅनलसाठी, ५ मिलिमीटर गॅप आणि सेकंदाला ५ सेंटिमीटर कमाल वेग धरला तर ती फ्रिक्वेन्सी येते ०.१ हर्ट्झ, दहा सेकंदाला एक फेरी, साधा पिस्टनही पुरेल. तिथून दोन्ही बाजूंना दुप्पट-निम्मी करत दोन-तीन रन घ्या. मात्र प्रवाह खरोखर उलटा व्हायला हवा, नुसता कमी-जास्त होऊन भागत नाही, कारण भोवऱ्याला भिंतीवरून सोडवण्याचं काम तो उलटा प्रवाहच करतो. मोठा सरासरी प्रवाह चालू ठेवून त्यावर बारीकशी स्पंदनं टाकली तर हा फायदा मिळत नाही, त्यामुळे हेलकाव्याचा वेग सरासरी वेगाच्या दोन-तीन पट ठेवून सुरुवात करा आणि दर फेरीच्या शेवटी खळग्यातलं किती पाणी बदललं ते एखादा पॅसिव्ह स्केलर (प्रवाहावर परिणाम न करता नुसता वाहणारा खुणेचा पदार्थ) सोडून मोजा.